डिझेल थिजताना: किब्बरमधल्या एका रात्रीचा घटनाक्रम

कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडी अचानक दगा देत नाही. ती तासातासाने बंद पडत जाते. प्रत्येक तासाला एखादा साधा उपाय हाताशी असतो, आणि तो तास टळला की पुढच्या तासाचा उपाय अधिक कष्टाचा होतो. शेवटच्या तासाला काहीच उरत नाही. हा घटनाक्रम त्या सुटत गेलेल्या उपायांचा आहे.

हिवाळ्यात हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात स्वतःची डिझेल एसयूव्ही घेऊन जाणारे पुणेकर आता नवलाचे राहिलेले नाहीत. ओढ असते किब्बरची. थंडीत सावजामागोमाग हिमबिबट्या खाली उतरतो आणि गावाभोवतीच्या कड्यांवर तो दिसण्याची शक्यता असते. पुढे मांडलेली रात्र रचलेली आहे. गाडी आणि माणसं कुणा एकाची नाहीत. पण डिझेल, ऑइल, बॅटरी आणि माणसाचं शरीर कोणत्या तापमानाला कसं वागतं, ते सारं खरं आहे.

सहा दिवस आधी. पुणे

नाना पेठेतलं गॅरेज. गाडी बीएस-६, माणसं पाच. त्यांत साठी ओलांडलेले काका-काकू आणि त्यांचा पुतण्या.

“काका, लांब चाललाय. पातळ ग्रेडचं ऑइल टाकू या का?” मेकॅनिक विचारतो.

“अरे, आत्ताच तर बदललंय. राहू दे.”

इंजिनात १५डब्ल्यू-४० ऑइल आहे. पुण्याला ते अगदी योग्य. या शहराची आजवरची नीचांकी नोंद १.७ अंशांची, १७ जानेवारी १९३५ची. इथल्या गाडीला आणि ड्रायव्हरला शून्याखालचा अनुभव मिळण्याचा प्रश्नच येत नाही. पण ‘१५डब्ल्यू’ हा आकडा थंडीचाच आहे. या ग्रेडच्या ऑइलची क्रँकिंगची चाचणी उणे २० अंशांना होते आणि पंपाने उचललं जाण्याची उणे २५ला. त्याखाली कसलीही हमी नाही. ‘५डब्ल्यू’ला हेच आकडे उणे ३० आणि उणे ३५ असतात.

कूलंटची पातळी थोडी कमी दिसते, म्हणून नळाचं पाणी घालून ती भरली जाते. गेल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल, तर ते मिश्रण उणे ३७च्या आसपासपर्यंत गोठत नाही. पाणी जितकं वाढत जाईल तितकं हे संरक्षण कमी होतं. बॅटरी चार वर्षांची आहे. पुण्यात रोज पहिल्या सेल्फला गाडी उचलते, म्हणून तिच्याकडे कुणी पाहतही नाही.

ऑइल, कूलंट, बॅटरी. तिन्ही कामं इथे एका दुपारी झाली असती.

४६ तास आधी. सकाळी ८. पोवारी, किन्नौर

रेकाँग पिओच्या खाली सतलजच्या काठावरचा पंप. टाकी फुल केली जाते. डिझेल कोणतं, हे कुणी विचारत नाही. मिळतं ते साधं डिझेल.

डिझेलमध्ये पॅराफिन मेण विरघळलेलं असतं. इंजिनाला ते हवंच असतं, कारण ते चांगलं पेटतं. मात्र थंडी वाढली की हे मेण डिझेलमधून बाहेर पडू लागतं. पुण्याच्या थंडीत न्हाणीघरातलं खोबरेल जसं आधी गढुळतं आणि मग थिजतं, तसंच. आधी डिझेल ढगाळ होतं. मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर साचतात. शेवटी डिझेल वाहायचंच थांबतं.

भारतीय मानकात या टप्प्यांसाठी मर्यादा ठरवलेल्या आहेत. फिल्टर ज्या तापमानाला तुंबतो, त्याला कोल्ड फिल्टर प्लगिंग पॉइंट म्हणतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हिवाळी डिझेलसाठी तो जास्तीत जास्त ६ अंश असू शकतो आणि उरलेल्या महिन्यांत १८ अंश. हो, शून्याच्या वरचे ६ आणि १८. प्रत्यक्ष पंपावरचं डिझेल याहून बरंच चांगलं असू शकतं, पण कायद्याची हमी एवढीच. देशाच्या बहुतेक भागाला तेवढी पुरते. स्पितीला पुरत नाही.

म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये खास विंटर डिझेल आणलं. पानिपत रिफायनरीत तयार झालेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं. त्या वेळी जी ठिकाणं सांगितली गेली, ती होती लडाख, कारगिल, काझा आणि केलाँग. आपली गाडी यांतल्याच एका ठिकाणाकडे निघाली आहे, टाकीभर साधं डिझेल घेऊन.

२२ तास आधी. सकाळी ८. काझा. उणे १४

रात्री गाडी हॉटेलच्या दोन भिंतींच्या मधल्या बोळात होती. पहिला सेल्फ लांबतो. दुसऱ्याला इंजिन धडधडतं आणि बसतं. तिसऱ्याला पांढरा धूर ओकत चालू होतं.

हा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. सिलिंडरची भिंत गारठलेली असली की ती हवेची उष्णता शोषून घेते. ऑइल घट्ट असेल तर क्रँक सावकाश फिरतो, आणि त्या संथ दाबात हवा पुरेशी तापत नाही. त्यात काझा, स्पितीचं मुख्य गाव, ३,६५० मीटरवर. दाबायला हवाच कमी. हीटर प्लग याचसाठी असतात. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ मारायचा. इतक्या थंडीत हे दोन-तीनदा करावं लागतं. पुण्याच्या सवयीने किल्ली एका झटक्यात फिरवली गेली.

काकूंचं डोकं रात्रीपासून दुखतंय. जेवण गेलेलं नाही. एका दिवसात त्या पिओच्या २,२९० मीटरवरून इथे आल्या आहेत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा ढोबळ नियम. तो कालच मोडला. आज काझातच थांबणं हा गाडीसाठीही आणि काकूंसाठीही उपाय होता.

“गोळी घेतली की बरं वाटेल,” काकू म्हणतात. “माझ्यामुळे तुमचा बिबट्या नको चुकायला.”

१९ तास आधी. सकाळी ११. काझाचा पंप

टाकी पाऊण भरलेली आहे, म्हणून गाडी पंपावरून सरळ पुढे जाते. इथे थांबून दोन प्रश्न विचारायला हवे होते: विंटर डिझेल आहे का? आणि नसेल, तर इथले लोक काय करतात?

दुसऱ्या प्रश्नाला पूर्वी ठरलेलं उत्तर मिळायचं: रॉकेल मिसळा. जुन्या इंजिनांचं त्यावर भागून जायचं. बीएस-६ गाडीत तसं करू नये. तिच्या हाय-प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, आणि रॉकेलमध्ये तो गुण फार कमी. शिवाय त्यातलं गंधक धुराच्या शुद्धीकरणाच्या यंत्रणेला मारक ठरतं. बाजारात डिझेल थिजू न देणारं अँटी-जेल ॲडिटिव्ह मिळतं. त्याची एकच अट आहे: डिझेल ढगाळ होण्याआधी ते टाकीत पडलं पाहिजे. एकदा तयार झालेलं मेण ते विरघळवत नाही.

१२ तास आधी. संध्याकाळी ६. किब्बर. उणे ९

गाव सुमारे ४,२०० मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्के. होमस्टेच्या स्वयंपाकघरात बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, पेटलेली आहे.

गाडी लावली जाते मोकळ्या माळावर, तोंड वाऱ्याकडे करून. सकाळी दरी दिसावी म्हणून. शेजारच्या घरचा ड्रायव्हर आपली कॅम्पर पिकअप भिंतीला नाक चिकटवून लावतो, बॉनेट उघडतो, इंजिनावर जुनी गोधडी टाकतो आणि वरून ताडपत्री बांधतो. मग बॅटरीच्या तारा सोडवतो आणि बॅटरी उचलून घरात नेतो. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतो, कारण ओला ब्रेक रात्रीत गोठून बसतो.

हे सगळं पुण्याची मंडळी खिडकीतून पाहतात. कौतुकाने पाहतात. उठून कुणी जात नाही.

या क्षणी इंजिन गरम आहे, डिझेल वाहतं आहे, बॅटरी भरलेली आहे. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी आत्ता काढून टाकता येतं. बॅटरी आत आणता येते. वाऱ्याकडे पाठ करून गाडी आडोशाला लावता येते. अर्ध्या तासाचं काम. या रात्रीतला हाच सर्वांत मोलाचा अर्धा तास होता.

९ तास आधी. रात्री ९. उणे १५

टाकीतलं डिझेल ढगाळ झालं आहे. फिल्टरच्या तळाशी असलेलं चमचाभर पाणी त्याआधीच गोठलंय. शून्याखाली पहिला नंबर पाण्याचाच लागतो. पुष्कळदा लोक “डिझेल जमलं” म्हणतात तेव्हा आधी फिल्टरमधला बर्फ जमलेला असतो.

धूर शुद्ध करण्यासाठी गाडीत युरियाचं द्रावण आहे, तेही गोठलंय. त्याचा गोठणबिंदू उणे ११. त्याची काळजी नको. गाडी त्याशिवाय चालू होते आणि हीटरने ते नंतर वितळतं. ज्याची काळजी करायला हवी, त्याचा मात्र डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मेणासाठी कोणत्याही गाडीत इशारा नसतो.

६ तास आधी. मध्यरात्र. उणे १९

पुतण्याला आठवतं की थंडीत रात्री मधून मधून इंजिन चालू करतात. तो बाहेर जातो. दोन सेल्फमध्ये गाडी उचलते. दहा मिनिटं रिकामी चालवून तो ती बंद करतो आणि निर्धास्त झोपतो.

या दहा मिनिटांनी मदतीपेक्षा नुकसानच जास्त केलं. नुसत्या आयडलिंगवर डिझेल इंजिन तापतच नाही, कारण तेव्हा ते जाळतंच इतकं थोडं. हीटर प्लग आणि सेल्फने बॅटरीतून जे घेतलं, ते दहा मिनिटांत परत भरत नाही. एवढ्या थंडीत शिशाची बॅटरी मुळात निम्म्याच्या आसपास ताकद देते, तीही नवी असेल तर. इंजिन चालू ठेवायचंच तर भरपूर वेळ आणि थोडी रेस देऊन. नाही तर हात लावू नये.

आत येताना त्याच्या मनात येतं की खोलीपेक्षा गाडीत हीटर लावून झोपावं. तो तसं करत नाही, हे त्या रात्रीचं थोर भाग्य. ७ आणि ८ जानेवारी २०२२च्या दरम्यान पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती. काही थंडीने गेली आणि काही कार्बन मोनॉक्साइडने. सायलेन्सर बर्फाने बुजला की धूर गाडीत शिरतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण बंद काचांच्या आत रात्रभर साचायला तेवढाही पुरे. चालू गाडीत झोपायचं नाही, मग इंजिन कोणतंही असो.

३ तास आधी. पहाटे ३. उणे २३

काकू उठून बसल्या आहेत. आडवं झालं की दम कोंडतो. कोरडा खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसतात. बसल्या जागीही श्वास लागणं हे फुप्फुसात पाणी साचू लागल्याचं लक्षण, आणि ते बहुतेक वेळा उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीच्या सुमारास दिसतं. घरमालक एकदाच पाहतो आणि म्हणतो, यांना खाली न्या. या दुखण्यावर खाली उतरणं आणि ऑक्सिजन हेच औषध. खाली काझाला दवाखाना आहे, दीड-दोन तासही न लागणारा. फक्त गाडी चालू व्हायला हवी.

आतापर्यंतच्या बहुतेक चुका गाडीच्या होत्या. इथून पुढे त्या माणसाच्या जिवावर आल्या.

दीड तास आधी. पहाटे ४:३०

काकूंना कपडे चढवून, गरम पाणी पाजून तयार करण्यात वेळ गेला. पुतण्या किल्ली फिरवतो. सेल्फ जड आवाजात फिरतो. दुसऱ्या वेळी इंजिन लागतं! काका ओरडतात, “लागली, लागली! चला, उतरवा हिला!”

इंजिन दोन मिनिटं चालतं. मग मिसिंग सुरू होतं, आवाज खाली येतो, गाडी एक गचका देते आणि थांबते.

मेणाने तुंबलेल्या गाडीची ही ठरलेली लकब. फिल्टरच्या पुढच्या नळीत उरलेल्या डिझेलवर ती सुरू होते आणि तेवढं संपलं की मरते. फिल्टरचा कागद केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक कणही अडवतो, आणि आता त्यावर मेणाचा थर बसला आहे. फिल्टरवरचा हँडपंप दाबला तर दाबला जात नाही. डिझेलला पुढे वाटच नाही.

एक तास आधी. पहाटे ५

सेल्फ, पुन्हा सेल्फ, पुन्हा सेल्फ. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर तरी थांबावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आतून खोकल्याचा आवाज येत असताना कोण थांबतं? पाच-सहा वेळा झाल्यावर सेल्फचा नुसता टकटक आवाज उरतो. बॅटरी उतरली. उतरलेल्या बॅटरीला आणखी एक धोका असतो: भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५०लाही गोठत नाही, पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं मात्र उणे १०च्याही अलीकडे गोठतं.

धक्का स्टार्ट? इंधनच पोहोचत नाही, तर चाकं फिरवून काय होणार?

अर्धा तास आधी. पहाटे ५:३०

काका डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं काठीला गुंडाळतात. टाकीखाली धरायचं, मेण वितळेल. असं करणारे ट्रकवाले त्यांनी पाहिले आहेत. घरमालक त्यांच्या हातातून काठी काढून घेतो. आजच्या गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकच्या नळ्या आणि तारा असतात. टाकीही बहुतेक प्लास्टिकचीच. ज्वाला लागली तर गाडी आणि शेजारचं गवताचं गंजीघर दोन्ही जातील.

उकळत्या पाण्यात भिजवलेली फडकी फिल्टरभोवती गुंडाळणं सुरक्षित आहे. पाणी चुलीवर ठेवतात. पण या उंचीला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उणे २३मध्ये फडकं पाहता पाहता गार होतं. शिवाय फिल्टर मोकळा झाला, तरी सेल्फ फिरवायला बॅटरी नाही. बॅटरी संध्याकाळी घरात आणली असती, तर या गरम फडक्यांवर गाडी निघण्याची आशा होती.

शून्य तास. सकाळी ६. उणे २४

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवेही लागत नाहीत. गाडी मेली.

नंतर

सहा-वीसला शेजारचा ड्रायव्हर घरातून बॅटरी आणतो, तारा जोडतो, ताडपत्री आणि गोधडी काढतो. त्याच्या टाकीत विंटर डिझेल आहे. हीटरचा दिवा तो तीनदा लावून विझू देतो आणि मग सेल्फ मारतो. कॅम्पर उचलते. काकू पुढच्या सीटवर, काका मागे. आठच्या आत त्या काझाच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर आहेत. त्या वाचतात.

अकराच्या सुमारास किब्बरवर ऊन येतं आणि एसयूव्हीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसतं. नळाच्या पाण्याने पातळ झालेलं कूलंट रात्री गोठलं. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. त्याने इंजिन ब्लॉकचा एक प्लग बाहेर ढकलला आहे. आता दुसरी बॅटरी आणली, डिझेल वितळलं, तरी ही गाडी इथून चालत जाणार नाही. ती टो होऊन जाईल.

हिशेब

काकूंना वाचवलं ते कुठल्याही मोठ्या यंत्राने नाही. एका माणसाच्या संध्याकाळच्या शिस्तीने. गोधडी, भिंतीचा आडोसा, घरात नेलेली बॅटरी, योग्य डिझेल. आपल्या मंडळींकडे त्याहून नवी गाडी होती. त्यांना फक्त या शिस्तीचं मोल माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

हे मला बोचतं, कारण ही मंडळी पुण्याची आहेत. किर्लोस्करांची ऑइल इंजिनं बनवणारी खडकीतली कंपनी १९४६ सालची. १९६२मध्ये पुण्यात कमिन्सची इंजिनं बनवणारी कंपनी स्थापन झाली, कोथरूडच्या टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय आहे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये देशभर धावणाऱ्या डिझेल गाड्या तयार होतात. डिझेल इंजिन जाणणारी इतकी माणसं क्वचितच एका शहरात असतील. त्या शहरातून स्पितीला निघणाऱ्या माणसाला फिल्टर का तुंबतो हे ठाऊक नसावं, यात दोष कुणा एकाचा नसेल, पण ही उणीव भरून काढणं आपल्या हातात आहे.

म्हणून निघण्याआधी गॅरेजवाल्याला नुसतं “लांब चाललोय” म्हणू नका. गावाचं नाव सांगा, उंची सांगा, तिथलं रात्रीचं तापमान सांगा. ५डब्ल्यूचं ऑइल तुमच्या इंजिनाला चालतं का, ते गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या. कूलंट पूर्ण बदलून निम्मं-निम्मं भरा. बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. नवा डिझेल फिल्टर बसवा आणि एक जादा सोबत ठेवा. अँटी-जेल खाली, उबेत असतानाच टाकीत घाला. काझा किंवा केलाँगला पोहोचलात की पहिलं काम विंटर डिझेल मिळतं का ते विचारणं, आणि संध्याकाळी पहिलं काम शेजारचा ड्रायव्हर काय करतो ते पाहून तसंच करणं. त्याला विचारायला लाजू नका.

आणि गाडीबद्दलची ही सगळी शिस्त पाळलीत तरी एक गोष्ट तिच्याहून वरची आहे. बरोबरच्या कुणाचं डोकं दुखत असेल, जेवण जात नसेल, तर किब्बरला जाऊ नका. काझाला आणखी एक रात्र थांबा, आणि दुखणं वाढलं तर उजेड असतानाच, इंजिन गरम असतानाच खाली उतरा.